पाच रुपयांच्या नाण्याचे पाच लाख

गेल्या सत्रात एके दिवशी तास संपल्यावर रोहा तालुक्यातील एका खेड्यातून येणारा विद्यार्थी टेबलापाशी रेंगाळला. त्याच्या मुठीत पाच रुपयांचे एक नाणे होते. त्यावर वैष्णोदेवीची प्रतिमा. दुसऱ्या हातातील मोबाइलवर एक गृहस्थ तसेच नाणे बोटांत धरून, याला पाच लाख रुपये मिळतात, असे मोठ्या आवेशाने सांगत होते. ‘सर, हे खरं असेल का?’ एवढाच त्याचा प्रश्न होता. चित्रफितीखालच्या क्रमांकावर वडिलांनी ‘नोंदणी शुल्क’ म्हणून दीड हजार रुपये आधीच पाठविले आहेत, हे त्याने अगदी शेवटी, मान खाली घालून सांगितले.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हा प्रश्न हसून टाळता येत नाही. वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली सरकारने पाच आणि दहा रुपयांची ही नाणी काढली. ती टांकसाळीतून पोत्यांनी बाहेर पडली, एस.टी.च्या वाहकाच्या पिशवीतून आणि वाण्याच्या गल्ल्यातून फिरली. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, क्रमांकात ७८६ हे आकडे असलेली नोट, यांच्या कथाही तशाच आहेत. ट्रॅक्टरची नोट तर आजही कायदेशीर चलन आहे; तिचे पाच रुपये पेणच्या कोणत्याही दुकानात मिळावेत. लाखाची बोली मात्र मोबाइलच्या पडद्याबाहेर कोठे आढळत नाही.

समाजमाध्यमांवर ज्यांना ‘इन्फ्लुएन्सर’ म्हणतात, त्या मंडळींनी एक साधा भेद पुसून टाकला आहे. मागितलेली किंमत वेगळी आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत वेगळी. विक्रीच्या संकेतस्थळावर कोणीही पाच रुपयांच्या नाण्यापुढे पाच लाखांचा आकडा लिहू शकतो. त्याला ना खर्च, ना जबाबदारी. त्या आकड्याचे छायाचित्र चित्रफितीत ‘बाजारभाव’ म्हणून झळकते. वस्तुतः घेणारा उभा राहून पैसे मोजीपर्यंत भाव जन्मालाच येत नाही. हे पेणच्या माणसाला पाठ्यपुस्तकातून शिकविण्याची गरज नसावी. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतील गणेशमूर्तीला चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत जो भाव असतो, तो दुसऱ्या दिवशी दुपारी कोठे असतो? माती तीच, रंग तोच, कारागिराची मेहनत तीच; गिऱ्हाईक तेवढे गेलेले असते.

जुन्या नाण्यांना मोल नसते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आपला जिल्हा तर या बाबतीत भाग्यवान आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि छत्रपतींच्या नावाचा सोन्याचा होन व तांब्याची शिवराई चलनात आली. होन आज अत्यंत दुर्मिळ आहे. शिवराई मात्र पेशवाईत आणि त्यानंतरही दीर्घकाळ पाडली जात राहिली. त्यामुळे आपल्याकडील देव्हाऱ्यांत आणि आजीच्या बटव्यात जी शिवराई सापडते, ती बहुतेक वेळा उत्तरकाळातील असते. तिची किंमत जपणाऱ्याच्या मनात मोठी, बाजारात माफक. चित्रफितीत मात्र प्रत्येक शिवराई ‘महाराजांच्या हातची’ ठरते, आणि नव्याने तयार केलेल्या प्रतिकृतीही त्या गर्दीत खपून जातात. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरातन ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शेत नांगरताना नाणे सापडले तर लगेच फोन करा, असे सांगणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

दुर्मिळता कशी निर्माण होते याचे एक उदाहरण रोह्याला जवळचे वाटेल. रोह्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. त्यांच्या सहीच्या नोटा संग्राहक आवडीने जमवितात. त्यांच्याच कारकिर्दीत, जानेवारी १९४६ मध्ये, पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द करण्यात आल्या. ज्यांच्याकडे त्या होत्या त्यांनी धावत जाऊन त्या बँकेत भरल्या. म्हणूनच अशी एखादी नोट आज दिसली की जाणकार खुर्चीवरून उठतो. कोणी जपून ठेवले नाही, म्हणून जे उरले ते मोलाचे झाले. सर्वांनी जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ होत नाही. आणि चित्रफीत तर लाखो लोकांना ‘जपून ठेवा’ असेच सांगत असते.

हा धडा अमेरिकेने चित्रकथांच्या पुस्तकांत गिरविला आहे. सुपरमॅनची पहिली कथा असलेला १९३८ चा अंक तेव्हा दहा सेंटला मिळे. मुलांनी तो वाचला, फाडला, रद्दीत घातला. त्याची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये साठ लाख डॉलरना विकली गेली. असल्या किमतींच्या बातम्या वाचून १९९२ च्या अखेरीस सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला तेव्हा लोकांनी एकेकाने अनेक प्रती घेतल्या आणि पिशवी न उघडता कपाटात ठेवल्या. तो अंक आजही सहज आणि स्वस्तात मिळतो. पुढे तो बाजार कोसळला, दुकाने बंद पडली आणि मार्व्हल कंपनीने १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा हवा भरणारी मासिके होती, आता चित्रफिती आहेत. एखादे दुय्यम पात्र चित्रपटात येणार अशी कुजबुज सुटली की त्याचा पहिला अंक वधारतो, आणि चित्रपट पाहून झाला की उतरतो. आपल्याकडे १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सना आज मागणी आहे ती प्रामुख्याने बालपणी वेताळाच्या कथांत रमलेल्या पिढीची. ती पिढी आता साठीकडे झुकली आहे किंवा साठी ओलांडून गेली आहे. ज्यांच्या मनात ती आठवण नाही, ते उद्या या अंकांना कोणता भाव देतील?

चित्रफीत करणारा प्रत्येक जण ठग असतो असे नाही. परंतु त्याची मिळकत नाण्यातून येत नाही, पाहणाऱ्यांच्या संख्येतून येते. ‘हे नाणे पाच रुपयांचेच आहे’ ही चित्रफीत कोण पाहील? अतिशयोक्ती हा त्याचा कच्चा माल आहे. त्याने गोळा केलेल्या गर्दीत मग खरे ठग शिरतात: आधी नोंदणी, मग कर, मग विमा. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. आपण असे व्यवहार करीत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही, असेही तिने बजावले होते. शेअर बाजाराला निदान सेबीचा पहारा आहे; शिक्षणाच्या नावाखाली भावांचे इशारे देणाऱ्यांनी तीन महिन्यांच्या आतील भाव वापरू नयेत, असा निर्बंध तिने जानेवारी २०२५ मध्ये घातला. नाण्यांच्या आणि जुन्या अंकांच्या बाजाराला असा राखणदार नाही.

या फसवणुकीला लोकांचा हावरटपणा म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि लाखांहून अधिक ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. ज्यांनी लोभ न धरता सचोटीने बचत केली, त्यांनाच तो फटका बसला. ज्या घरांनी रीतसर पासबुकावरचे पैसे असे बुडताना पाहिले, त्यांना देव्हाऱ्यातले नाणे अधिक भरवशाचे वाटले तर नवल काय?

ज्यांना खरोखर जाणून घ्यायचे आहे, त्यांना वाटा आहेत. मुंबईतील लिलावगृहे लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव प्रसिद्ध करतात, रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय फोर्टात आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. आपल्या तालुक्यांच्या वाचनालयांनी लिलावांच्या दोन-चार सूची टेबलावर ठेवल्या आणि महाविद्यालयांनी वर्षातून एखाद्या जाणकाराला बोलाविले, तर खर्च फार येणार नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी तक्रार केली नाही. दीड हजारांसाठी चारचौघांत हसे कशाला करून घ्यायचे, असे ते मुलाला म्हणाले. नाणे त्यांनी अजून देव्हाऱ्यातच ठेवले आहे.