मत कोणाचे, कुठे पडले?

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात साखर कारखान्याची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे, त्याला ‘मंजूर, मंजूर’ म्हणजे काय हे सांगायला नको. विषय वाचून होतो न होतो तोच पुढच्या रांगांतून आरोळी उठते. मागचा सभासद ‘मतदान घ्या’ म्हणत माईककडे धावतो, तोवर सभा पुढच्या विषयावर गेलेली असते.

दिल्लीतले भांडणही याच जातीचे. ३ एप्रिल २०२५ रोजी मध्यरात्र उलटल्यावर लोकसभेत वक्फ सुधारणा विधेयकावर मतदान झाले. लॉबी रिकामी करून दारे लावल्यावरही सदस्य आत येतात, अशी विरोधकांनी हरकत घेतली. नव्या इमारतीत लॉबीतच प्रसाधनगृह आहे, असा खुलासा अध्यक्ष ओम बिर्ला यांना करावा लागला. एवढा मोठा कायदा, आणि वाद प्रसाधनगृहाच्या दारापाशी! तरी २८८ विरुद्ध २३२ असा आकडा लागला, कोण कुठे उभे होते ते कागदावर आले. त्याच बैठकीत दोन वाजून गेल्यावर मणिपूरच्या राष्ट्रपती राजवटीचा ठराव आला. थोडकी चर्चा, आवाजी मतदान, संपले.

आम्हाला रात्रीचे वावडे नाही. इंदापूरचा शेतकरी रात्रीच्या लाइटीवर उसाला दारे धरतो. खासदारांनी एखादी रात्र जागली तर बिघडले कुठे? घड्याळापेक्षा आवाजी मतदान घातक. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेने बाजार समित्यांच्या मुळावर येणारे विधेयक भरदिवसा मंजूर केले. मतविभागणी, म्हणजे मते मोजून नोंदवण्याची मागणी झाली, उपसभापती हरिवंश यांनी ती मान्य केली नाही. मागणारे जागेवर नव्हते, हे सरकारचे म्हणणे. होते, हे विरोधकांचे. पुढे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तो आणि त्याच्या जोडीचे कृषी कायदे रद्द करणारे विधेयक संसदेत मंजूर झाले. तेही चर्चेविना, आवाजीनेच.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर हे कशाला, असे कोणी विचारेल. बारामती आणि इंदापूर एकाच लोकसभा मतदारसंघात येतात, खासदारही एकच. २००९ पासून सुप्रिया सुळे तिथे आहेत. त्यांचे असो वा उद्या दुसऱ्या कोणाचे, आमच्या नावाने पडलेले मत आम्हाला दिसायला हवे. खासदारांच्या बाकावर मतदानाचे बटण आहेच. प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला ते दाबणे सक्तीचे करा, मग बैठक पहाटेपर्यंत चालवा.

पुढच्या वेळी मत मागायला कोणीही दारात आले, तर वाचकहो, या सक्तीला पाठिंबा द्याल का, एवढे आधी विचारा.