कृमीला नाव मिळाले, भोयाला काय?

वाम, मरळ, मांगूर या माशांच्या आतड्यांतील पट्टकृमींचा अभ्यास मराठवाड्यात अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. 1968 साली जी. बी. शिंदे यांनी मरळीच्या कुळातील माशातून ‘सर्कमऑन्कोबोथ्रियम’ ही नवी प्रजाती नोंदविली. पुढे नांदेड-लातूरच्या मत्स्यकृमींवरही त्याच परंपरेत लेखन झाले. हे कार्य उणे लेखण्याचे कारण नाही. रोग ओळखायचा तर आधी कृमी ओळखला पाहिजे. परंतु कृमीला लॅटिन नाव मिळाले, भोयाच्या पदरात काय पडले, हे समाजवाद्यांनी विचारलेच पाहिजे.

उन्हाळ्यात जलाशय आटतो, मासे दाटीने कोंडतात, पाण्यातील प्राणवायू घटतो. कल्ल्यांवरचे परजीवी आणि माशांच्या उवा मग झपाट्याने फैलावतात. कर्ज काढून बोटुकली सोडणाऱ्या मच्छीमार संस्थेचे वर्ष त्यात बुडते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा शहराची तहान साऱ्या देशाला दिसली. कोरड्या मांजरा धरणाकाठच्या मच्छीमाराची चूल कितीजणांना आठवली?

1988 च्या सुमारास ईशान्य भारतात माशांचा व्रणरोग शिरला, तेव्हा भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने तळ्यांसाठी ‘सिफॅक्स’ हे औषध सिद्ध केले. विष्णुपुरीसारख्या विस्तीर्ण जलाशयात औषध ओतून भागणार नाही. तेथे निरोगी बीज आणि पाणी आटण्यापूर्वीची मासेमारी हाच मार्ग. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. बोटुकली सोडण्यापूर्वी तेथे बीजाची मोफत तपासणी व्हावी, रोगाने मासे गेल्यास त्या वर्षीचा ठेका माफ व्हावा, या मागण्या कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्याआधी दोन्ही जिल्ह्यांच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयांपुढे ठेवाव्यात.