सवलतीची वीज आणि तळ्यातला गडी

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 22 एप्रिल 2025 रोजी मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. तळेवाल्यांची ही जुनी मागणी होती आणि ती रास्तही होती. शेतीच्या दराने वीज, शेतकऱ्यासारखे कर्ज, विमा आणि सौरऊर्जेच्या सवलती यांची दारे त्यामुळे उघडली. पालघर जिल्ह्यात डहाणूच्या खाजणातला कोळंबीवाला काय किंवा तलासरीच्या डोंगराळ भागात शेततळ्यात रोहू-कटला सोडणारा काय, दोघांनाही या निर्णयाने हायसे वाटले असणार. मात्र निर्णयाच्या कौतुकात तळ्यात उतरणाऱ्या गड्याचा उल्लेख कुठे आला नाही. वीज स्वस्त झाली की तळ्यात मोटरी वाढणार. त्या मोटरींशी रोज झटणारा माणूस मालक नव्हे, गडी आहे.

हा गडी बहुधा वारली, मल्हार कोळी किंवा कातकरी असतो. बांधावरच्या झोपडीत, पुष्कळदा बायकापोरांसह, तो हंगामभर राहतो. खाद्य टाकणे, चाळणी उचलून कोळंबीने किती खाल्ले ते पाहणे, पाणी घेणे-सोडणे, रात्री चोर आणि पाणमांजर दोघांवर नजर ठेवणे हे सारे त्याचे काम. त्याची हजेरी मालकाच्या वहीत असते, तीही उचल किती दिली हे कळावे म्हणून. सरकारच्या कोणत्या वहीत तो आहे, हे विचारायला गेले तर मत्स्यविभाग कामगार खात्याकडे बोट दाखवतो आणि कामगार खाते शेतीकडे.

कोळंबीच्या तळ्यातला सर्वांत मोठा धोका पाण्याचा नाही, विजेचा आहे. पाण्यातला प्राणवायू रात्रभर घटत जातो आणि सूर्योदयाआधी सर्वांत खाली येतो. व्हेनामी जातीची कोळंबी दाटीने वाढवली जाते, त्यामुळे त्या वेळी पाण्यात हवा घुसळणारा एरेटर बंद पडला तर तासाभरात लाखो रुपयांचा माल मरू लागतो. म्हणजे मोटर बंद पडण्याची सर्वांत वाईट वेळ आणि गडी सर्वांत पेंगुळलेला असण्याची वेळ एकच. अशा वेळी तो बॅटरी तोंडात धरून पाण्यात शिरतो. केबल बांबूच्या खुंट्यांवरून तळ्याच्या मध्यापर्यंत गेलेली, मध्ये दोन-तीन ठिकाणी जोड, जोडावर टेप. खाऱ्या हवेने तो टेप पावसाळ्याआधीच सुटतो आणि मोटरीची पेटी गंजते. खारे पाणी विजेला गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त वाट देते. पंख्यात दोरी किंवा शेवाळ अडकले तर ते काढायला मोटर बंद करावी लागते, पण स्विच बांधावर आणि गडी पाण्यात. दुसरा माणूस नसेल तर चालू मोटरीलाच हात घातला जातो. माल काढताना तर जाळे ओढणारे दहा-पंधरा जण पाण्यात असतात आणि माल मरू नये म्हणून एरेटर चालूच ठेवलेले असतात.

यावरचा उपाय अवकाशयानाच्या तंत्रज्ञानाचा नाही. साधा फ्यूज किंवा एमसीबी जादा भार आला की उडतो. माणसाला मारायला लागणारा गळतीचा प्रवाह इतका थोडा असतो की फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यात फ्यूजच्या जागी जाड तार पिळून बसवण्याची आपली गावठी हुशारी. 30 मिलिअँपिअरच्या गळतीला क्षणार्धात वीज तोडणारे उपकरण काही हजारांत मिळते. ते, नीट अर्थिंग आणि जोड नसलेली केबल एवढे तीन खर्च केले तर बरेच जीव वाचतात. एका तळ्याच्या एका हंगामाच्या खाद्याच्या बिलापुढे हा खर्च किरकोळ आहे.

बाकीचे धोके ओळखीचेच आहेत. तळे तयार करताना चुनकळी आणि ब्लिचिंग पावडर उघड्या हातांनी फेकली जाते. काढलेल्या कोळंबीवर काळे डाग पडू नयेत म्हणून वापरतात त्या मेटाबायसल्फाइटमधून निघणारा वायू बंद खोलीत दमा असलेल्याला पुरे होतो. रात्री बांधावर घोणस आणि मण्यार असतातच. आणि शेततळ्याचे प्लास्टिक. राज्यभर दरवर्षी शेततळ्यांत माणसे, विशेषतः मुले बुडतात, ती पाणी खोल असते म्हणूनच नव्हे. शेवाळलेल्या प्लास्टिकच्या उतारावर हात-पाय टेकतच नाहीत, चांगला पोहणाराही काठापर्यंत येऊन परत घसरतो. चारी बाजूंना गाठी मारलेला दोर पाण्यात सोडलेला असावा, एवढेच याचे उत्तर. बांधावर संसार मांडलेल्या गड्याच्या पोरांसाठी तर तो हवाच.

असा मृत्यू झाला की पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते: बुडून, शॉक लागून, सर्पदंशाने. तो कामावर असताना मेला, हे त्या नोंदीत ठळकपणे उरत नाही. कायदेही त्याला वळसा घालून जातात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली कामगार सुरक्षा संहिता साधारणपणे 10 कामगारांपासून सुरू होते, आणि कंत्राटी कामगारांसाठीचा आकडा तर 50 चा आहे. तळ्यावर गडी दोन किंवा तीन. माल काढायला ठेकेदाराची टोळी येते ती एका रात्रीपुरती.

1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याहून अधिक स्पष्ट पाहिले होते. त्या वर्षी 11 डिसेंबरला जगन्नाथ खटल्यात न्या. कुलदीप सिंग यांच्या पीठाने किनाऱ्यावरची कोळंबी-तळी हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा बंद होणाऱ्या तळ्यांतल्या कामगारांना औद्योगिक विवाद कायद्याखालची भरपाई आणि वर सहा वर्षांचे वेतन द्यावे असेही बजावले. म्हणजे तळ्यातला माणूस कामगार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले होते. त्यानंतर 2005 चा किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा आला, तो खाडी आणि पाणी राखण्यासाठी. 2023 च्या दुरुस्तीने त्यातली तुरुंगवासाची शिक्षाही काढली. डहाणूला तर 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या प्राधिकरणाने इथल्या तिवरांची आणि हवेची वर्षानुवर्षे राखण केली. त्याच खाजणात छातीभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसाची राखण करणारे प्राधिकरण नाही.

नवे प्राधिकरण हवे, असे आमचे म्हणणे नाही. आहे तेच वापरले तर पुष्कळ होईल. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मत्स्यकामगारांसाठी अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख रुपये, हप्ता सरकार भरते. अट एवढीच की गड्याचे नाव आधी यादीत पाहिजे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात अनुदान योजना 2 लाख देते, पण ती सातबारावरच्या नावाला आणि त्याच्या घरातल्या एकाला. गड्याच्या नावावर सातबारा कुठला? आणि तळे आता शेतीच ठरले आहे, तर 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत असलेली विजेवरच्या यंत्रांनी होणारी शेती एरेटरच्या तळ्याला लागू का होऊ नये? सवलतीसाठी शेती आणि जबाबदारीच्या वेळी भलतेच काही, असे चालणार नाही.

किनारी तळ्यांच्या नोंदणीचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे येतात. पालघरच्या समितीने या हंगामापासून तीन कागद मागावेत: गळती-रोधक बसवल्याचे विद्युत निरीक्षकाचे पत्र, गड्यांच्या विम्याची यादी आणि रात्री तळ्यावर दोन माणसे असल्याची हमी. गोड्या पाण्याच्या शेततळ्यांना अनुदान देताना अशीच अट दोर आणि कुंपणासाठी घालावी. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राने प्रशिक्षणात मालकाबरोबर गड्यालाही बसवावे, आणि ते वारलीत समजावावे. महावितरणने सवलतीच्या दराची जोडणी देताना आधी अर्थिंग तपासावे. ज्या तळ्यावर हे तिन्ही कागद नसतील, त्याची नोंदणी आणि सवलत दोन्ही थांबवा.