भारूड पाहिलेल्यांचे स्वाध्याय

गेल्या सत्रात अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना ‘एकनाथांच्या भारुडांचे विशेष’ हा विषय दिला होता. आलेले बहुतेक स्वाध्याय एकाच ठशाचे निघाले. रूपकात्मकता, लोकप्रबोधन, नाट्यमयता, बोलीचा वापर. प्रत्येक मुद्द्याखाली तीन ओळी, शुद्धलेखन निर्दोष, आणि शेवटी भारुडे आजही प्रासंगिक असल्याचा निर्वाळा. मोबाइलवर प्रश्न घातला की अर्ध्या मिनिटात असे उत्तर मिळते, हे आता कुणाला सांगायला नको.

आम्हांला खटकली ती नक्कल नव्हे. वेळापूर हे माउलींच्या पालखीच्या वाटेवरचे मुक्कामाचे गाव. माळशिरसहून पालखी येते तेव्हा येथे मानाचे भारूड होते. तुकोबांना येथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, या श्रद्धेने वारकरी येथे धावा करतात. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी हे लहानपणापासून पाहिलेले आहे. स्वाध्यायांत मात्र त्याचे एक अक्षर नव्हते. भारूड ही जणू सोळाव्या शतकातच संपलेली गोष्ट!

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून प्राध्यापकांच्या खोलीत एकच चर्चा असते : पकडायचे कसे? आम्हांला हा प्रश्नच गौण वाटतो. यंत्र लिहिते ती मराठी आमच्या चांगल्या ओळखीची आहे. ती मार्गदर्शिकांची मराठी आहे. वर्षानुवर्षे आम्हीच ती फळ्यावर मुद्दे घालून उतरवून दिली. आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द काढत जाणे हा या यंत्राचा धर्म. परीक्षेच्या उत्तरात आम्ही तरी विद्यार्थ्यांकडून वेगळे काय मागत होतो?

याचा पुरावा आमच्याच गुणपत्रकात आहे. एका विद्यार्थिनीने पालखीपुढचे भारूड लिहिले होते. लुगडे नेसलेला पुरुष नाचत येतो, आजी हसता हसता हात जोडते, आणि आपण हसायचे की पाया पडायचे हे लहानपणी आपल्याला कळत नसे, असे तिने लिहिले. भारुडाच्या समीक्षेतला कळीचा प्रश्नच हा! पण मुद्दे पाडलेले नव्हते, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. तिला आम्ही दहापैकी सहा गुण दिले. गुळगुळीत उत्तरांना आठ.

सरसकट बंदीची मागणी आमच्यातही होते. आम्हांला ती मान्य नाही. मूल्यांकनाचे अहवाल यंत्राकडून लिहून घेणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना सोवळे शिकवू नये. शिवाय यंत्राची चूकही अध्यापनाच्या कामी येते. अर्धनारीनटेश्वर मंदिरातील यादवकालीन शिलालेखाचे वाचन आम्ही वर्गातच यंत्राला दोनदा विचारले. दोन निराळी वाचने आली, दोन्ही तितक्याच ठाम सुरात. मग तुळपुळ्यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) काढले आणि मुलांना घेऊन थेट मंदिर गाठले. एरवी मागच्या बाकावर मोबाइलमध्ये असणारी मुले तासभर त्या झिजलेल्या अक्षरांपुढे वाकून उभी होती.

यंदा प्रश्न बदलला आहे. स्वतः पाहिलेल्या एका भारुडाच्या आधारे त्यातील हसू आणि भक्ती यांचा संबंध सांगायचा. यंत्राची मदत घेतली असल्यास त्याचे उत्तर सोबत जोडून ते कुठे अपुरे पडले ते लिहायचे. आणि नंतर दहा मिनिटे तोंडी बोलायचे. साठ विद्यार्थी म्हणजे हे दहा तास. जागा रिकाम्या, निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर. हे दहा तास कुणाच्या वेळापत्रकात बसवायचे, यावर अजून वाद चालू आहे.

प्रश्न त्या विद्यार्थिनीच्या वाक्यावरून घेतला, हे आम्ही तिला सांगितले. तिचे सहा गुण मात्र विद्यापीठाकडे गेलेले आहेत. ते आता बदलता येत नाहीत. त्याविषयी तिने अजून काही विचारलेले नाही.