निरोपांची रांग : दुकानदाराने कोणती घ्यावी?

सांगलीच्या कापड पेठेत आता ऑर्डर वहीवर कमी आणि मोबाइलवर जास्त येतात. आमचा माणूस तासगाव, विटा, जत अशी फेरी करतो, दुकानदारासमोर उभा राहून मोबाइलमध्ये माल टिपतो. तो निरोप आधी दुकानाच्या संगणकात, तिथून गोदामात, तिथून बिलावर आणि शेवटी ट्रान्सपोर्टवाल्याकडे जातो. सुरळीत चालले तर ही मोठी सोय आहे. पण वीज गेली, नेट तुटले किंवा संगणक अडकला, तर मधल्या वेळेत तो निरोप कोणाच्या ताब्यात असतो, हे आपण व्यापारी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. एका रमजानमध्ये त्याची किंमत मोजली, म्हणून हे लिहिण्याची गरज वाटली.

झाले ते असे. विट्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर पाठवताना नेट गेले. आमच्या माणसाने बटण पुन्हा दाबले. थोड्या वेळाने दोन्ही निरोप पोचले आणि ड्रेस मटेरियलच्या एका गाठीऐवजी दोन गाठी रवाना झाल्या. त्याच आठवड्यात जतची एक ऑर्डर मोबाइलवर 'गेली' असे दाखवत होती, पण गोदामात तिचा पत्ता नव्हता. ईद चार दिवसांवर आली तेव्हा त्या दुकानदाराचा फोन आला, "चाचा, माल कुठाय?" त्याचे वडील माझ्या वडिलांकडून माल नेत असत. विट्याची जादा गाठ परत आली, जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले, एवढेच. पण जतच्या त्या मुलाचा ईदचा धंदा बुडाला, तो मी कोणत्या खात्यात मांडू?

ज्यांनी ही व्यवस्था बसवून दिली होती त्यांना बोलावले. ते म्हणाले, यावर उपाय एकच, काफ्का. तीन सर्व्हर घ्या, हप्त्यावर देतो. हप्त्यात व्याज किती धरले आहे असे मी विचारले, तेव्हा त्यांनी विषय बदलला. इंग्रजी माहितीपत्रक मात्र ठेवून गेले. माझे शिक्षण उर्दू माध्यमाचे. संगणक शिकलेल्या पुतण्याला बसवून मी ते पान-पान वाचून घेतले, आणि बाजारात याच कामाची आणखी काय काय साधने मिळतात तेही विचारून घेतले. त्यातून जे समजले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवतो.

संगणकवाले ज्याला मेसेज क्यू म्हणतात ती म्हणजे निरोपांची रांग. आपल्या सांगलीकरांना ती समजायला अवघड नाही, कारण हरिपूर आणि सांगलवाडीची हळदीची पेवे आपण पाहिलेली आहेत. हळद हंगामात येते, गिऱ्हाईक वर्षभर येते. मधल्या काळासाठी जमिनीत पेव. घालणारा आणि काढणारा एकाच वेळी हजर असावा लागत नाही. मेसेज क्यूचे काम तेच. मोबाइलने निरोप रांगेत टाकावा आणि मोकळे व्हावे. गोदामाचा संगणक जागा झाला की त्याने तो उचलावा.

ही कल्पना नवी नाही. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतील शेअर दलालांसाठी असे सॉफ्टवेअर तयार केले. आयबीएमने १९९३ मध्ये आपले आणले, ते आजही बँकांमध्ये चालते. ते आपल्या खिशाबाहेरचे आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

आता काफ्का. लिंक्डइन या कंपनीत ते तयार झाले आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुले केले गेले. करणाऱ्या तिघांपैकी एक नेहा नारखेडे या पुण्यात शिकलेल्या, याचा मराठी माणूस म्हणून मला आनंद आहे. काफ्का आपल्या रोजकीर्दीसारखे चालते. नोंद एकदा झाली की वाचली म्हणून ती खोडली जात नाही. मुनीम, गोदामवाला आणि हिशेब तपासणारा, प्रत्येक जण आपापली खूण ठेवून त्याच वहीतून वाचतो. सेटिंग बदलले नाही तर नोंदी सात दिवस राहतात. एकच निरोप दहा ठिकाणी वाचायचा असेल तर याला तोड नाही. लिंक्डइनने २०१९ मध्ये सांगितले होते की त्यांच्याकडे दिवसाला सात लाख कोटींहून अधिक निरोप काफ्कातून जातात. आमच्याकडे ईदच्या गर्दीतही दिवसाला तीनशे होत नाहीत. तीनशे निरोपांसाठी तीन सर्व्हर म्हणजे दोन गाठींसाठी मालगाडी भाड्याने घेण्यासारखे झाले.

रॅबिट-एमक्यू हे २००७ मध्ये आले. ते पोस्टाच्या खणांसारखे आहे. पत्र आले की ठरलेल्या खणात पडते, घेणाऱ्याने नेऊन पोचपावती दिली की खणातून काढले जाते, पोचपावती न देता घेणारा गायब झाला तर पत्र परत खणात येते. मोफत आहे आणि साध्या संगणकावर चालते. मात्र यात एक मेख आहे, ती विक्रेते सांगत नाहीत. वीज गेल्यावर निरोप टिकावा असे वाटत असेल तर रांग टिकाऊ आहे असे वेगळे सांगावे लागते आणि निरोप टिकाऊ आहे असेही वेगळे सांगावे लागते. एक सांगितले, दुसरे विसरले, की संगणक पुन्हा सुरू होताच निरोप गेला. त्याशिवाय पाठवणाऱ्यालाही 'मिळाला' अशी पावती मागावी लागते, ती आपोआप येत नाही.

इथे मला आपल्या धर्माची शिकवण आठवली. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधील २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपली संगणकव्यवस्था अनेकदा उलटे करते. आधी 'मिळाला' म्हणते आणि मग सवडीने लिहिते. जतच्या ऑर्डरचे हेच झाले होते. संगणकाच्या मेमरीत ती आली, 'गेली' असे मोबाइलला कळवले गेले आणि डिस्कवर लिहिण्यापूर्वी वीज गेली. निरोप ही अमानत आहे. घेतली म्हणायचे असेल तर आधी लिहा.

रेडिस नावाचे एक साधन या कामाला पुष्कळ जण वापरतात. ते वेगवान आहे, पण निरोप मेमरीत ठेवते आणि डिस्कवर अधूनमधून लिहिते, निदान सेटिंग बदलेपर्यंत तरी. भाव दाखवायला ठीक. ऑर्डरसाठी मी ते घेणार नाही.

बरे, रांग कोणतीही असो, ती ठेवायची कुठे? यावर माहितीपत्रकात एक ओळ नव्हती, आणि सांगलीत हाच प्रश्न पहिला. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि हळद गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि बाजारपेठ पाण्याखाली होती. २०२१ मध्ये पुन्हा पूर. दुकानातल्या संगणकावर रांग ठेवणे म्हणजे नदीकाठी पेव खोदणे.

म्हणून ॲमेझॉनच्या एसक्यूएसचा विचार करावा लागतो. ही भाड्याची रांग आहे. २००६ पासून चालू आहे, आणि २०१६ पासून कंपनीची केंद्रे मुंबईत आहेत. निरोपाच्या प्रती वेगवेगळ्या इमारतींत ठेवल्या जातात. महिन्याला पहिल्या दहा लाख विनंत्या मोफत. ऐकायला स्वस्त वाटते, पण हिशेब नीट करावा. 'काही निरोप आहे का?' असे आपल्या संगणकाने विचारले आणि उत्तर 'नाही' आले, तरी ती एक विनंती धरली जाते. दर सेकंदाला विचारले तर दिवसाला ८६,४०० आणि महिन्याला सुमारे २६ लाख होतात. एकदा विचारून वीस सेकंद थांबून राहण्याची सोय त्यात आहे. ती लावली की हाच आकडा महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास येतो. दुसरी गोष्ट, निरोप किती दिवस राहील हे सांगितले नाही तर तो चार दिवसांनी पुसला जातो. २०१९ च्या पुरात पेठेतली दुकाने पुन्हा उघडायला चार दिवसांपेक्षा कितीतरी जास्त लागले होते. मुदत जास्तीत जास्त चौदा दिवस करता येते. सांगलीच्या व्यापाऱ्याने ती पहिल्याच दिवशी चौदा करून घ्यावी.

एसक्यूएसची साधी रांग एखादा निरोप दोनदा देऊ शकते आणि क्रमही बदलू शकते. हे कंपनी स्वतःच सांगते. २०१६ पासून क्रम पाळणारी रांगही मिळते, ती दुबार निरोप ओळखते, पण पाच मिनिटांच्या आत आला तरच. आमचा माणूस विट्यात चहा पिऊन दहा मिनिटांनी बटण दाबील, तेव्हा काय? म्हणून उपाय रांगेत नाही, आपल्या घरात आहे. ऑर्डर टिपताना मोबाइलनेच तिला एक क्रमांक द्यावा, पुन्हा पाठवताना तोच क्रमांक जावा, आणि गोदामाने एकदा पाहिलेला क्रमांक दुसऱ्यांदा घेऊ नये. हे करायला सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

यूपीआयचा त्रास सर्वांना ठाऊक आहे. पैसे कापले जातात, समोरच्याला मिळत नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत झाले पाहिजेत, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला १०० रुपये द्यावेत. एवढ्या मोठ्या व्यवस्थेतही निरोप मध्येच अडकतो, हे त्यात मान्य केलेले आहे. आपल्यावर असा दंड नाही म्हणून आपण बेफिकीर आहोत.

माझे मत विचाराल तर ज्यांचे एकच दुकान आणि एकच गोदाम आहे त्यांनी यातले काहीच घेऊ नये. बिलाचे सॉफ्टवेअर ज्या डेटाबेसवर चालते त्यातच निरोपांचे एक कोष्टक करावे. पोस्टग्रेसमध्ये २०१६ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ पासून अशी सोय आहे की दोन कामगार एकाच वेळी आले तरी एकच निरोप दोघांच्या हाती पडत नाही. बिल आणि त्याचा निरोप एकाच फटक्यात लिहिले जातात, होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. रॅबिट-एमक्यू त्यांनी घ्यावे ज्यांच्याकडे सांभाळणारा माणूस पगारावर आहे. बाहेरगावी माणसे फिरत असतील तर भाड्याची रांग बरी.

आम्ही मोबाइलपासून दुकानापर्यंत भाड्याची रांग ठेवली आणि दुकानात डेटाबेसमधले कोष्टक. पुतण्याला दोन आठवडे लागले. आणखी एक गोष्ट त्याने माझ्या आग्रहावरून केली. पोस्टात पूर्वी पत्ता न लागणाऱ्या पत्रांसाठी डेड लेटर ऑफिस असे. संगणकवाल्यांनी तेच नाव उचलले आहे. जो निरोप पाच वेळा घेऊनही पुढे सरकत नाही तो डेड लेटरच्या रांगेत जातो. ती यादी रोज जोहरच्या आधी मी स्वतः पाहतो. पहिल्याच आठवड्यात तिच्यात सात ऑर्डर सापडल्या. सातही कवठेमहांकाळच्या एकाच दुकानदाराच्या. आमच्या नोंदीत त्याच्या जीएसटी क्रमांकातले एक अक्षर चुकले होते, त्यामुळे बिल तयार होत नव्हते आणि ऑर्डर गुपचूप टाकून दिली जात होती. सहा महिन्यांपासून त्याचा माल का कमी झाला, हे मी त्याला कधी विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सातही ऑर्डरचा माल घेऊन मी स्वतः त्याच्या दुकानी गेलो. त्याने पाच गाठी ठेवून घेतल्या.