उरलेली जागा, हुकलेली सवलत

अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, शेवटची फेरी संपली की रिक्त जागांचा शोध सुरू होतो. उरण, पेण, खालापूरच्या मुलांना घरापासून रोज ये-जा करायची तर नवीन पनवेल आणि रसायनीची महाविद्यालयं जवळची. हवी ती शाखा फेऱ्यांमध्ये मिळाली नाही, पण आता तिथे एखादी जागा उरली आहे असं कळतं. मग दाखला, गुणपत्रिका, जात वैधता प्रमाणपत्र घेऊन पालक धावतात.

जागा का उरतात? कुणाला आयआयटी मिळते, कुणी वैद्यकीयला जातो, कुणी आधी घेतलेला प्रवेश रद्द करतो. अशी मोकळी झालेली जागा गुणवत्तेनं भरली जाणं चांगलंच आहे. खटकतं ते पुढचं.

राज्य सरकारनं 8 जुलै 2024 च्या निर्णयानं आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. मोठा आणि गरजेचा निर्णय. पण अट अशी, की प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश वगळले आहेत. म्हणजे पेणच्या एखाद्या मुलीला चौथ्या फेरीत मेकॅनिकल मिळालं तर शुल्क माफ. फेरी संपल्यावर त्याच महाविद्यालयात उरलेली कॉम्प्युटरची जागा तिनं संस्थास्तरावर, गुणांवर मिळवली, तर मात्र सगळं शुल्क घरच्यांनी भरायचं.

व्यवस्थापन कोट्याला सवलत नको, हे मान्य. पण कॅपमध्ये न भरलेली जागा म्हणजे कोट्याची जागा नव्हे. या दोन्ही जागांना एकाच रांगेत उभं करणं अन्यायाचं आहे.

ब्रिटनमध्ये उरलेल्या जागांसाठी ‘क्लिअरिंग’ चालतं, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. रिक्त जागा ‘यूकास’ या एकाच केंद्रीय सेवेवर दिसतात, आणि या मार्गानं आलेल्या पात्र विद्यार्थ्याला शिक्षणशुल्काचं सरकारी कर्ज इतरांसारखंच मिळतं. उशिरा आला म्हणून त्याचा हक्क जात नाही.

सवलत मोकळी केली तर मुली कॅप टाळून थेट महाविद्यालयात जातील, अशी भीती सरकारला वाटू शकते. त्यावर उपाय आहे. कॅपमध्ये न भरलेल्या जागांसाठी कॅप राबवणाऱ्या राज्य सीईटी कक्षानंच आणखी एक राज्यव्यापी फेरी घ्यावी, आधीच्या फेऱ्यांत पसंतीक्रम भरलेल्यांनाच तिच्यात घ्यावं आणि हे प्रवेश कॅपचेच धरावेत. ती जागा वेळेत भरली असती तर पात्र मुलीचं शुल्क सरकारनंच दिलं असतं, त्यामुळे बोजा वाढण्याचं कारणही फारसं टिकत नाही. पुढच्या प्रवेशवर्षाचं वेळापत्रक जाहीर होण्याआधी हा बदल शासन निर्णयात यायला हवा.