आधी मुरूम, मग कचरा : तळ्यांच्या उशाशी हा धंदा नको

2025 च्या जानेवारीत रामसर कराराखाली इंदूरला 'पाणथळ शहर' म्हणून मान्यता मिळाली. उदयपूरच्या जोडीने हा मान मिळवणारे भारतातले हे पहिलेच शहर. त्याआधी 2022 साली आपला सिरपूर तलाव आणि यशवंत सागर रामसर यादीत गेले. 2017 पासून स्वच्छतेतला पहिला नंबर तर इंदूरकरांच्या अंगवळणी पडला आहे. या सगळ्याचा आम्हाला अभिमान आहे, आणि म्हणूनच चार कडू शब्द लिहिणे भाग आहे.

शहराचे अंगण झाडून झाले. परसाचे काय?

शहर वाढते तसे रस्ते वाढतात, कॉलन्या वाढतात. त्यांच्या पायात भरायला मुरूम लागतो आणि तो शहराच्या कडेच्या शेतांतूनच येतो. या धंद्याची रीत ठरलेली आहे. ठेकेदार शेत घेतो, पोकलेन लावतो, डंपर चालू होतात. मुरूम संपला की ठेकेदार पुढच्या गावी जातो आणि मालकाच्या पदरात खड्डा पडतो. त्यात ज्वारी येत नाही की सोयाबीन येत नाही. मग कोणीतरी येऊन म्हणतो, 'दादा, फुकटात भरून देतो.' आधी पडलेल्या घरांचा मलबा येतो. मागोमाग रात्रीच्या गाड्यांतून त्यात काय काय मिसळते ते उजाडल्यावर कळते. वर मातीचा थर दिला की भूखंड तयार! एकाच खड्ड्यातून दोनदा कमाई झाली, आणि त्याची किंमत खालच्या पाण्याने मोजली.

मुरूम म्हणजे नुसती भरावाची माती नव्हे. माळव्यात वर काळी माती, खाली काळा पाषाण आणि या दोहोंच्या मध्ये झिजलेल्या खडकाचा थर असतो, तोच मुरूम. पावसाचे पाणी यातूनच गाळून, दमादमाने खाली जाते. आपल्या विहिरी यावरच जगतात. हा थर काढला म्हणजे गाळणी काढली. खाली उरतो तो भेगाळलेला पाषाण. त्यावर कचरा टाकला की कुजक्या कचऱ्याचे काळे पाणी विनागाळणी सरळ भेगांत उतरते. ते कुठल्या विहिरीत निघेल, कुठल्या तळ्याला मिळेल, हे दिसत नाही. दिसेल तेव्हा उपाय हाताबाहेर गेलेला असेल.

आता तळी पाहा. यशवंत सागर गंभीर नदीवर आहे. ते इंदूरला पाणी देते आणि मध्य भारतातल्या सारस पक्ष्यांचे मोठे आश्रयस्थान आहे. तीच गंभीर पुढे उज्जैनच्या धरणात जाते आणि क्षिप्रेला मिळते. म्हणजे हातोदच्या बाजूला जे पाण्यात मिसळेल ते आपल्यापाशी थांबणार नाही. सिरपूर तर आता वस्तीच्या मधोमध आले आहे. सुदामा नगरातल्या आपल्या लोकांना ते फिरायला जाण्याइतके जवळ आहे.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांनुसार रामसर यादीतल्या तळ्यात घनकचरा टाकायला बंदी आहे, आणि पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्के बांधकाम चालत नाही. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी कचऱ्याची भराव-जागा नदीपासून 100 आणि तळ्यापासून 200 मीटर दूर ठेवायला सांगितले. तळाशी 90 सेंटिमीटर चिकणमाती, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर, भूजल तळापासून किमान दोन मीटर खाली, आणि जागा बंद झाल्यावर 15 वर्षे देखरेख, इतके सगळे त्यात बजावले होते. मुरमाच्या कुठल्या खड्ड्यात कोणी अस्तर घातलेले वाचकांनी पाहिले आहे काय?

मुरूम-मातीच्या बाजूनेही न्यायालये बोलली आहेत. पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दीपक कुमार खटल्यात सांगितले. 2020 साली केंद्राने रस्त्यांसारख्या कामांसाठी माती उपसायला मंजुरीतून सूट दिली. ती सूट न्यायालयाने 21 मार्च 2024 रोजी रद्द केली.

मग अडते कुठे? खोदायची परवानगी एका कचेरीत, कचऱ्याचा हिशेब दुसऱ्या, आणि तळ्याचा कागद तिसऱ्या. खनिजवाल्याला कचरा दिसत नाही, निगमला खड्डा दिसत नाही आणि तळेवाल्याला कुंपणापलीकडचे काही दिसत नाही. खड्डा मात्र एकच असतो!

आणखी एक ग्यानबाची मेख आहे. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी 2017 च्या नियमांच्या व्याख्येतूनच वगळली आहेत. सिरपूर आणि यशवंत सागर रामसर यादीमुळे वाचले. पण माळव्यातली जुनी तळी बहुतेक याच कामासाठी बांधलेली! ज्यांनी पाणी पाजले तीच उघड्यावर पडली.

'शहराला मुरूम नको का?' असे विचारले जाईल. हवा, आणि तो घ्यावाही. पण तळ्याच्या पाणलोटातून घेऊ नये, आणि खड्डा कसा मिटवणार हे लिहून दिल्याशिवाय पहिला डंपर हलू नये. 'खड्डा तसाच ठेवला तर जनावर पडेल, पोर बुडेल' हेही खरे आहे. त्यासाठी काठ उताराचे करावेत, आधी बाजूला ठेवलेली काळी माती परत पसरावी, झाडे लावावीत. तेवढे केले तर पाणी साठून पक्षीही येतात. कचरा हा खड्ड्यावरचा इलाज नव्हे.

साचलेला कचरा काढणे काय असते ते इंदूरइतके कोणाला ठाऊक? देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर वर्षानुवर्षांचा सुमारे 13 लाख टन कचरा 2018 साली यंत्रे लावून उपसावा लागला, तेव्हा सुमारे शंभर एकर जमीन मोकळी झाली. निगमचे ते काम वाखाणण्याजोगे होते. पण तो ढीग एका जागी होता, डोळ्यांना दिसत होता. शंभर खड्ड्यांत पुरलेला कचरा कोण, कुठून आणि कोणाच्या पैशाने काढणार?

आमच्या समाजाने यात का पडावे, असे काहींना वाटेल. ही तळी होळकरांच्या राज्यात बांधली गेली आणि आपले पूर्वज त्या राज्याच्या चाकरीत होते. पॅट्रिक गेडिस यांनी 1918 साली इंदूर दरबाराला नगररचनेचा अहवाल दिला, त्यात नदी, कचरा आणि आरोग्य यांचा विचार एकत्रच केला होता. सिरपूरवर अतिक्रमण आणि शिकारीचे संकट होते तेव्हा भालू मोंढे आणि त्यांचे सोबती उभे राहिले. होळकरांच्या जयंतीला हार घालायचे आणि त्यांच्या तळ्याच्या उशाशी कचरा पुरू द्यायचा, हे दोन्ही एका हाताने होणार नाही.

आमच्या मागण्या अशा :

1. दोन्ही तळ्यांच्या प्रभाव क्षेत्राचा नकाशा खसरा नंबरांसह प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि वॉर्ड कार्यालयात लावावा.
2. त्या क्षेत्रात मुरमाचा नवा पट्टा देऊ नये. जुन्या खड्ड्यांची मोजणी करून यादी जाहीर करावी.
3. खाणीच्या प्रत्येक परवानगीबरोबर खड्डा मिटवण्याची योजना आणि तेवढी अनामत घ्यावी. खड्ड्यात कचरा आढळला तर अनामत जप्त करावी.
4. खनिज विभाग, निगम आणि पाणथळ प्राधिकरण यांनी वर्षातून दोनदा एकत्र पाहणी करून अहवाल लोकांपुढे ठेवावा.
5. खड्ड्यांजवळच्या विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासावे.

आणि एक मागणी घरातल्यांकडे. ज्यांच्याकडे हातोद, धार रोडच्या बाजूला वडिलोपार्जित जमीन अजून आहे, त्यांनी ठेकेदाराच्या कागदावर सही करण्यापूर्वी शेवटचे कलम वाचावे. खड्डा कोण मिटवणार, कशाने मिटवणार, हे त्यात नसेल तर सही करू नये. येत्या निवडणुकीत मत मागायला जो पार्षद किंवा आमदार दारी येईल, त्याला चहा जरूर पाजा. पण तळ्याचा नकाशा कुठे लावला आहे, हे आधी विचारा.